झोडियाक खूनसत्र आणि आर्थर ली ॲलन: संशय नेमका कशावर उभा आहे?

प्रश्न: टिळकवाडीची वाचक, बेळगाव

आमच्याकडे महिन्यातून दोन रविवारी आठ-दहा जण जमतात आणि एखाद्या न उलगडलेल्या गुन्ह्यावर बोलतात. घरचे लोक या बैठकीला ‘मुडद्यांची भिशी’ म्हणतात, आणि आता आम्हीही तेच नाव वापरतो. गेल्या तीन बैठका कॅलिफोर्नियातल्या झोडियाक प्रकरणावर झाल्या आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबल्या, म्हणून इथे विचारते आहे.

ज्यांनी हे प्रकरण वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. २० डिसेंबर १९६८ च्या रात्री बेनिशिया गावाबाहेरच्या लेक हर्मन रोडवर एका तरुण जोडप्याला गोळ्या घालून मारण्यात आले. ४ जुलै १९६९ च्या रात्री वालेहो इथे दुसऱ्या जोडप्यावर गोळीबार झाला. त्यात तरुणी गेली, तरुण वाचला. २७ सप्टेंबरला लेक बेरिएसाच्या काठावर डोक्यावरून काळे आवरण घेतलेल्या माणसाने तिसऱ्या जोडप्याला बांधून सुऱ्याने भोसकले, आणि त्यातही तरुणीच दगावली. ११ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत एका टॅक्सीचालकाच्या डोक्यात गोळी घालण्यात आली. असे पाच मृत आणि दोन जखमी झाले. खुनी वर्तमानपत्रांना पत्रे आणि सांकेतिक लिपीतले मजकूर पाठवत राहिला, १९७४ च्या जानेवारीतल्या पत्रात त्याने स्वतःचा आकडा ३७ सांगितला, पण पाचापलीकडचा एकही खून त्याच्या नावावर निश्चित झालेला नाही.

आमच्या भिशीतल्या सगळ्यांचे मत असे, की खुनी आर्थर ली ॲलनच होता आणि पोलिसांना तो फक्त सिद्ध करता आला नाही. ॲलन वालेहोचाच, १९६८ मध्ये मुलांशी गैरवर्तन केल्यावरून शिक्षकाच्या नोकरीतून काढलेला, १९७१ पासून १९९२ मध्ये मरेपर्यंत पोलिसांच्या नजरेत असलेला. माझे म्हणणे एवढेच, की त्याच्याविषयी जे जे सांगितले जाते त्यातून गोष्टीचा भाग वगळला तर पुरावा म्हणून काय उरते, ते कोणी तरी नीट मांडावे. घरच्या भिशीत हे विचारले की मला ‘ॲलनची वकील’ म्हणून गप्प बसवतात.

उत्तर: चिकोडीचा वकील

ताई, वकील म्हणून हिणवण्याची आम्हाला सवय आहे, तुम्हीही करून घ्या.

आपल्या न्यायालयांत परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची असेल तर शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालातल्या पाच कसोट्या आजही लावल्या जातात. त्यांपैकी पहिलीच कसोटी तुमच्या प्रश्नाला पुरेशी आहे: ज्या गोष्टींवरून निष्कर्ष काढायचा त्या गोष्टी आधी पूर्णपणे सिद्ध झालेल्या असल्या पाहिजेत, आणि ‘असू शकेल’ व ‘असलाच पाहिजे’ यांत फक्त शब्दांचा फरक नाही. या दृष्टीने ॲलनविरुद्धच्या बाबी मी एकेक करून पाहतो.

सर्वांत वजनदार बाब म्हणजे त्याच्या एका मित्राचे कथन. खून सुरू होण्याच्या सुमारास ॲलनने आपल्यापाशी माणसांची शिकार करण्याच्या, रात्री गाडीतल्या जोडप्यांना गाठण्याच्या आणि स्वतःला ‘झोडियाक’ म्हणवून घेण्याच्या गोष्टी केल्या, असे त्याने पोलिसांना सांगितले. हे खरे धरले तर दुसऱ्या कशाची गरजच उरणार नाही. परंतु हे कथन पोलिसांपर्यंत पोहोचले १९७१ मध्ये, म्हणजे ‘झोडियाक’ हे नाव आणि खुनांचा तपशील दोन वर्षे वर्तमानपत्रांतून गाजल्यानंतर. तो संवाद झाला तेव्हा तिसरा कोणी हजर नव्हता आणि त्याची तेव्हाची कोणतीही नोंद नाही. आमच्याकडे एखाद्याने गुन्ह्यानंतर खाजगीत दिलेली कबुलीही दुबळा पुरावा मानली जाते आणि तिला स्वतंत्र आधार मागितला जातो. इथे तर ती कबुलीही नाही, गुन्ह्याआधीच्या बोलण्याची उशिरा झालेली आठवण आहे. मित्र खोटे बोलला असे मी म्हणत नाही. दोन वर्षे बातम्या वाचलेल्या माणसाच्या आठवणीत जुने बोलणे कोणते आणि छापून आलेले कोणते, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही, एवढेच म्हणतो.

दुसरी बाब, वाचलेल्या तरुणाने केलेली ओळख. वालेहोच्या गोळीबारातून वाचलेल्या व्यक्तीने १९९१ मध्ये छायाचित्रांच्या संचातून ॲलनला ओळखले. गोळीबार १९६९ चा, अंधारात, डोळ्यांवर बॅटरीचा झोत आलेला, आणि ओळख बावीस वर्षांनी. इथे एखाद्या खटल्यात ओळख परेड काही महिने उशिरा झाली तरी बचावाचा वकील तेवढ्यावर अर्धा दिवस उलटतपासणी घेतो. बावीस वर्षांच्या उशिराचे काय होईल ते सांगायला नको.

तिसरी बाब अक्षराची. कॅलिफोर्निया राज्याचे दस्तऐवज-तज्ज्ञ शेरवूड मॉरिल यांनी ॲलनचे अक्षर पत्रांशी जुळत नाही असेच मत दिले होते. आपल्याकडे अक्षरतज्ज्ञाचे मत पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ खाली येत असे, आता नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ३९ मध्ये आहे, आणि ते मत सावधपणे वापरावे असे न्यायालये वारंवार सांगतात. परंतु ज्या खटल्यात फिर्यादीचा मुख्य धागाच खुन्याची पत्रे आहेत, तिथे फिर्यादीच्याच तज्ज्ञाने ‘नाही’ म्हटले तर पुढे जाणे फार अवघड होते. ॲलन दोन्ही हातांनी लिहीत असे, म्हणून अक्षर जुळले नाही, असे त्याच्या विरोधातले लोक म्हणतात. हा युक्तिवाद मला आवडत नाही, कारण तो मान्य केला तर जुळलेले अक्षरही पुरावा आणि न जुळलेलेही पुरावाच.

बोटांचे ठसे आणि डीएनए यांवर दुसऱ्या कोणी लिहावे. माझे आज धारवाडला काम आहे.

उत्तर: निपाणीकर

वकीलसाहेबांनी प्रत्येक धागा वेगळा काढून तोडून दाखवला, पण दोरी तुटते का हे पाहिले नाही, अशी माझी नम्र तक्रार आहे.

ॲलनच्या मनगटावर झोडियाक कंपनीचे घड्याळ होते आणि त्या घड्याळावर वर्तुळ व फुली असे तेच चिन्ह होते, जे खुन्याने पत्रांखाली सही म्हणून वापरले. तो वालेहोत राहत होता, म्हणजे पहिल्या दोन्ही जागा त्याच्या पायाखालच्या होत्या. १९७१ मध्ये पोलीस त्याच्या कामाच्या ठिकाणी चौकशीला गेले तेव्हा, कोणी विचारले नसताना, लेक बेरिएसाच्या घटनेच्या दिवशी आपल्या गाडीत रक्त लागलेले सुरे होते आणि ते कोंबड्या कापल्याचे होते, असे त्याने स्वतःहून सांगितले. शिवाय पत्रे १९७४ नंतर थांबली, आणि त्याच वर्षी ॲलनला एका मुलावरच्या अत्याचारासाठी अटक झाली व पुढे १९७७ पर्यंत तो अटास्काडेरोच्या बंदिस्त इस्पितळात होता. यांतली प्रत्येक गोष्ट योगायोग असू शकते हे मला मान्य आहे. एकाच माणसाच्या वाट्याला इतके योगायोग यावेत, हे मला मान्य करवत नाही.

डीएनएविषयी सांगायचे तर, २००२ मध्ये झोडियाकच्या पाकिटांवरून एक अपुरा डीएनए नमुना मिळाला आणि तो ॲलनशी जुळला नाही. यावरून तो सुटला असे अनेकांनी लिहिले. पण पाकिटावरचे तिकीट चिकटवणारा माणूसच खुनी होता हे कोणी सिद्ध केले? पोस्टात, वर्तमानपत्राच्या कचेरीत आणि पोलिसांच्या कपाटात तेहतीस वर्षे किती हात लागले असतील? हाच न्याय टॅक्सीत सापडलेल्या रक्ताळलेल्या बोटांच्या ठशांनाही लावता येतो. ते ठसे ॲलनचे नाहीत हे खरे, परंतु त्या गाडीला त्या रात्री कितीतरी लोकांनी हात लावला असेल.

उत्तर: बाचीकर

वरची चर्चा पुरावा न्यायालयात टिकेल की नाही याची आहे. मला तो पुरावा गोळा कसा झाला त्याविषयी लिहायचे आहे, कारण हद्दीवर राहणाऱ्या माणसाला ते लवकर उमगते.

आमच्याकडून महाराष्ट्रातल्या शिनोळीला जायला पंधरा मिनिटे पुरतात आणि तेवढ्यात राज्य, जिल्हा, पोलीस ठाणे आणि पंचनाम्याची भाषा हे सगळे बदलते. रस्त्यावर अपघात झाला तरी पहिला प्रश्न जखमी कुठे आहे हा नसतो, गाडी हद्दीच्या दगडाच्या अलीकडे थांबली की पलीकडे हा असतो. एका बाजूचा कागद कन्नडमध्ये, दुसऱ्या बाजूचा मराठीत, आणि दोन्ही वाचणारा अधिकारी त्या दिवशी नेमका रजेवर. आता झिरो एफआयआरची तरतूद आहे, त्यामुळे नोंद तरी कुठेही होते, पण तपासाचे कागद पुढे कसे सरकतात हे ज्याने अनुभवले आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

झोडियाकचे चार हल्ले चार यंत्रणांकडे होते: पहिला सोलानो काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) शेरीफकडे, दुसरा वालेहो पोलिसांकडे, तिसरा नापा काउंटीकडे, चौथा सॅन फ्रान्सिस्को पोलिसांकडे. भाषा एकच, राज्य एकच, तरीही प्रत्येकाची कपाटे वेगळी. ॲलनचे नाव वालेहो पोलिसांसमोर १९६९ च्या ऑक्टोबरमध्येच येऊन गेले होते आणि तेव्हा ते बाजूला ठेवले गेले. १९७२ मध्ये त्याच्या फिरत्या घराची झडती झाली ती सांता रोझाला, म्हणजे सोनोमा ही चौथी काउंटी (वालेहो सोलानोतच येते), आणि तिथे खुनांशी जोडणारे काहीही मिळाले नाही. ती झडती मित्राच्या कथनानंतर सुमारे वर्षभराने झाली होती. निपाणीकर म्हणतील की वर्षभरात माणूस सगळे नाहीसे करू शकतो. वकीलसाहेब म्हणतील की न सापडलेल्या वस्तूवर शिक्षा होत नाही. दोघांचेही बरोबर आहे, आणि दोघांनाही इतके बरोबर असण्याची सोय त्या वर्षभराच्या दिरंगाईने करून दिली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खुनाच्या रात्री तर याहून वाईट घडले. समोरच्या घराच्या खिडकीतून तीन मुलांनी खुन्याला टॅक्सीजवळ पाहिले होते. त्यांनी गोऱ्या माणसाचे वर्णन दिले, पण रेडिओवरून संशयित कृष्णवर्णीय असल्याचा संदेश गेला. काही मिनिटांत दोन पोलिसांच्या गाडीसमोरून एक गोरा माणूस चालत गेला आणि तो पुढे निघून गेला. तो खुनीच होता असे बहुतेकांना वाटते. पन्नास वर्षांच्या सगळ्या तर्कवितर्कांपेक्षा ती एक चुकीची ओळ मला जास्त अस्वस्थ करते.

उत्तर: खानापूर तालुक्यातील निवृत्त शिक्षक

मी फक्त दोन मुद्द्यांवर लिहितो, पत्रांतल्या चुका आणि ‘पत्रे थांबली’ हा युक्तिवाद.

खुनी इंग्रजी शब्द चुकीचे लिहीत असे आणि ॲलनही तसेच लिहीत असे, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. तीस वर्षे वह्या तपासलेल्या माणसाला हा पुरावा फार पातळ वाटतो. ‘आशीर्वाद’ हा शब्द माझ्या वर्गातली निम्मी मुले ‘आशिर्वाद’ असा लिहीत, आणि ‘कोट्यधीश’ तर लग्नपत्रिकेपासून वर्तमानपत्रापर्यंत ‘कोट्याधीश’ असाच भेटतो. या चुकांवरून मी कोणाची वही ओळखू शकलो नसतो. उलट, घरी कन्नड बोलणारे एखादे मूल ‘घर’ला ‘गर’ लिही, आणि तेवढ्यावरून ते कोणत्या घरातून आले आहे याचा अंदाज येई. पण अशी मुले वर्गात सहा असत. चूक फार तर गट दाखवते, माणूस दाखवत नाही. शिवाय झोडियाक कधी कधी मुद्दाम चुकीचे लिहीत असावा, अशीही शंका घेतली गेली आहे.

सांकेतिक मजकुरांनीही नाव दिले नाही. पहिला, ४०८ चिन्हांचा, १९६९ मध्ये सॅलिनास इथल्या एका शिक्षकाने आणि त्याच्या पत्नीने आठवडाभरात सोडवला (आमच्या व्यवसायाचा एवढा अभिमान मला बाळगू द्यावा). दुसरा, ३४० चिन्हांचा, डिसेंबर २०२० मध्ये म्हणजे एक्कावन्न वर्षांनी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियममधल्या तिघा हौशी अभ्यासकांनी उलगडला, आणि त्यातही नाव नाही. ‘दूरदर्शनवरच्या कार्यक्रमात दूरध्वनी करणारा मी नव्हतो’ असे खुन्याने त्यात म्हटले आहे, एवढी एक उपयोगी गोष्ट निघाली. ‘माझे नाव’ असे म्हणून पुढे दिलेली जी तेरा चिन्हे १९७० च्या पत्रात आहेत ती अजूनही उलगडलेली नाहीत, आणि तेरा चिन्हांत कोणाचेही नाव बसवता येते, हेच त्यांचे दुखणे आहे.

आता पत्रे थांबण्याविषयी. माझ्या लहानपणी आमच्या गावात दोन-तीन उन्हाळे पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) गंज्या पेटत. गावाने एका माणसाचे नाव धरले होते, कारण तो रात्री-अपरात्री फिरे, विडी ओढे आणि त्याचे कोणाशीच पटत नसे. तो गोव्याला कामाला गेला आणि गंज्या पेटायच्या थांबल्या. गावाला याहून मोठा पुरावा नको होता. तो परत आला तेव्हा त्याच्या घरी कोणी चहाही घेत नसे. पुढे मी मोठा झाल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी सहज सांगितले, की गंज्या रचायच्या जागेवरून जाणाऱ्या विजेच्या तारा फार लोंबत होत्या आणि त्याच पावसाळ्यात लाइनमनने त्या ओढून ताठ केल्या होत्या. आग तारांनी लागत होती असे मी म्हणत नाही, ते मला ठाऊक नाही. त्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि गावाने एकच मोजली, हे मात्र मी पाहिले आहे. ॲलन १९७४ मध्ये आत गेला, त्याच काळात कॅलिफोर्नियात आणखी किती जण तुरुंगात गेले, मेले, राज्य सोडून गेले किंवा नुसतेच कंटाळले, याची मोजणी कोणी केली आहे?

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: टिळकवाडीची वाचक

गुरुजी, गंज्यांची हकीकत मी भिशीत वाचून दाखवली. एक काकू म्हणाल्या, “म्हणजे त्यानंच लावली होती तर!” त्यामुळे माझी अडचण तुमच्या लक्षात येईल.

निपाणीकरांच्या दोरीच्या मुद्द्यावर मला विचारायचे आहे. एकेक धागा कच्चा असला तरी सगळे मिळून दोरी होते, हे ऐकायला पटते. पण ॲलनच्या आयुष्यावर वीस वर्षे भिंग धरून बसल्यावर हे धागे सापडले आहेत. तेवढेच भिंग वालेहोतल्या दुसऱ्या एखाद्या विक्षिप्त माणसावर धरले असते, तर त्याच्याकडे घड्याळ नसते, पण दुसरे काही सापडले नसते का? असे कुठे घडल्याचे उदाहरण आहे का, जिथे दीर्घकाळचा संशयित आणि प्रत्यक्ष खुनी दोघेही शेवटी समोर आले?

उत्तर: चिकोडीचा वकील

आहे, आणि ते दक्षिण कोरियातले आहे. ह्वासॉंग भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. तपासात सुमारे एकवीस हजार संशयितांची चौकशी झाली. रक्ताच्या नमुन्यांवरून खुन्याचा रक्तगट ‘बी’ असल्याचा पोलिसांचा समज झाला. १९८८ च्या आठव्या खुनासाठी एका तरुणाला १९८९ मध्ये अटक झाली, त्याचा कबुलीजबाब घेतला गेला, आणि त्याने सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली. २०१९ मध्ये जतन केलेल्या वस्तूंवरच्या डीएनएवरून ली चुन-जे हे नाव निघाले. हा माणूस १९९४ मध्ये केलेल्या मेहुणीच्या खुनासाठी आधीच जन्मठेप भोगत होता. त्याने चौदा खून कबूल केले आणि त्यांत तो आठवा खूनही होता. त्याचा रक्तगट ‘ओ’. वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाची डिसेंबर २०२० मध्ये निर्दोष मुक्तता झाली.

ताई, यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे, पण मला याहून जास्त महत्त्वाची वाटते ती निर्दोष सुटलेल्या त्या माणसाची कबुली. त्या माणसाविरुद्ध ॲलनपेक्षा कितीतरी अधिक होते: त्याचा स्वतःचा जबाब होता आणि तीन पातळ्यांवरच्या न्यायालयांचा निकाल होता. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही, यावर लोक चिडतात आणि गुन्हेगारांचे लाड म्हणतात. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को चाचणी करता येणार नाही असे सांगितले, तेव्हाही आमच्या बार रूममध्ये दोन तट पडले होते. मी तेव्हा चिडणाऱ्यांच्या तटात होतो.

कॅलिफोर्नियातलेच दुसरे उदाहरण घ्या. ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखला गेलेला जोसेफ डीअँजेलो २०१८ मध्ये सापडला तो वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून. तो पूर्वी पोलीस होता. इतकी वर्षे चर्चेत असलेल्या संशयितांमध्ये त्याचे नाव नव्हते. झोडियाकच्या बाबतीतही उलगडा झालाच तर याच वाटेने होईल, आणि त्यासाठी पाकिटांवरून पुरेसा चांगला नमुना मिळावा लागेल; सध्याचा अपुरा नमुना एखाद्याला वगळायला कदाचित पुरेल, कोणाला शोधायला पुरणार नाही. निपाणीकरांचा तिकिटाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. त्या नमुन्यावरून ॲलन सुटला असे मीही म्हणणार नाही. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, म्हणून त्याला दोषीही म्हणता येत नाही आणि निर्दोष सोडताही येत नाही.

उत्तर: निपाणीकर

कोरियाचे प्रकरण मी काल रात्री पूर्ण वाचले आणि बराच वेळ झोप लागली नाही. दोरीचा मुद्दा मी मागे घेतो, निदान अर्धा तरी. मित्राचे कथन, छायाचित्रावरून पटवलेली ओळख, कोंबड्यांचे सुरे, पत्रे थांबणे, हे सगळे वजा करायला मी तयार आहे. मित्राने पोलिसांकडे जाण्याआधीचे एखादे पत्र किंवा रोजनिशीतली नोंद निघाली, तर मात्र मी पुन्हा इथे येईन.

ताई, पुढच्या भिशीत एक करून पाहा: ॲलनचे नाव न घेता, केवळ ‘वालेहोतला एक माणूस’ म्हणून हे मुद्दे वाचा, आणि अक्षर व ठसे न जुळल्याचे सर्वांत आधी सांगा. घड्याळ शेवटी. त्या घड्याळाचे अजूनही मला काही पटत नाही.